गॅलिलिओची नोकरी : एका नेमणूकपत्राची गोष्ट



आजचा विषय थोडा घरगुती वाटेल. नवी नोकरी कशी मागावी, तिच्या अटी कशा ठरवाव्यात आणि ती घ्यावी की नाही. तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं यात काय काम? पण मागच्या व्याख्यानानंतर दोन तरुण श्रोते थांबले होते आणि दोघांचाही प्रश्न हाच होता. एकाला पगार वाढवून मागायचा संकोच वाटत होता. दुसरीला पगार चांगला मिळत होता, पण मन होत नव्हतं. त्यांना मी त्या दिवशी धड उत्तर देऊ शकलो नाही. आज एक जुनी हकिकत सांगतो. ती आहे गॅलिलिओची. दुर्बीण, गुरूचे चंद्र, चर्चचा खटला हे सगळं आपल्याला शाळेपासून माहीत असतं. या सगळ्याच्या मधोमध १६१० साली त्याने एक नोकरी सोडली आणि दुसरी धरली, तिच्याकडे मात्र आपलं फारसं लक्ष जात नाही. माझ्या मते त्याच्या पुढच्या आयुष्याची बरीचशी चावी तिथे आहे.

आधी माणसाची परिस्थिती बघू. गॅलिलिओचा जन्म १५६४चा, पिसाचा. १५८९ साली तो पिसाच्या विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक झाला. पगार वर्षाला ६० स्कुदी. हा पगार त्या काळातही हसण्यासारखाच होता. १५९१ साली वडील गेले आणि थोरला मुलगा म्हणून घराचा सगळा भार याच्यावर आला. धाकटा भाऊ संगीतकार, त्याची कमाई बेताची. बहिणींचे हुंडे द्यायचे होते. हो, हुंडे! हा शब्द ऐकून आपल्याला एकदम घरी आल्यासारखं वाटतं. एका बहिणीचा हुंडा थकला म्हणून मेहुणा अटक करवीन म्हणतोय, तेव्हा फ्लॉरेन्सला येताना जपून ये, असं १५९३ साली आईने त्याला कळवलं होतं.

१५९२ साली त्याला पादुआची जागा मिळाली. पादुआ हे व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचं विद्यापीठ. पगार १८० फ्लोरिन. तो १५९९ साली ३२० झाला, १६०६ साली ५२०. ऐकायला वाढ बरी वाटते, पण खर्चही वाढत होता. मारीना गाम्बा हिच्यापासून त्याला दोन मुली आणि एक मुलगा झाला. म्हणून तो काय करायचा? घरात विद्यार्थी ठेवायचा, राहायला आणि जेवायला. त्यांच्या खासगी शिकवण्या घ्यायचा. एक कारागीर घरीच ठेवून गणिती उपकरणं बनवून विकायचा. म्हणजे वसतिगृह, क्लासेस आणि कारखाना, तिन्ही एकाच छपराखाली.

गंमत बघा. विद्यापीठातलं काम फार नव्हतंच. त्यानेच लिहून ठेवलंय की वर्षाला अर्ध्या अर्ध्या तासाची साठ व्याख्यानं, बस्स. वेळ खात होत्या त्या शिकवण्या आणि ते घरातले विद्यार्थी. नोकरीने पोट भरत नव्हतं म्हणून पोटासाठी जे करावं लागत होतं, त्याने दिवस जात होता. आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणारी मुलं आज चार कॉलेजांत धावतात, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

अशा अवस्थेत माणूस दुसरीकडे बघायला लागतो. १६०४ साली मान्तुआच्या ड्यूकशी बोलणी झाली. ड्यूकने ३०० डुकाट देऊ केले, यांनी ५०० मागितले आणि तीन माणसांचा खर्च. जमलं नाही, सोडून दिलं. इथे एक नोंद करून ठेवा. गॅलिलिओ घासाघीस करायला लाजणारा नव्हता. पण हातात जुनी नोकरी असताना तो बोलत होता, म्हणून त्याला "नाही" म्हणता आलं.

त्याचा खरा डोळा होता फ्लॉरेन्सवर. तो त्याचा मुलूख. १६०५ पासून उन्हाळ्याच्या सुट्टीत तो टस्कनीच्या राजपुत्राला, कोसिमोला, गणित शिकवायला जायचा. १६०६ साली आपल्या उपकरणाची माहितीपुस्तिका छापली, ती याच मुलाला अर्पण केली. १६०९च्या फेब्रुवारीत कोसिमोचे वडील वारले आणि हा अठरा वर्षांचा विद्यार्थी ग्रँड ड्यूक झाला. त्याच सुमारास गॅलिलिओने फ्लॉरेन्समधल्या एका ओळखीच्या माणसाला पत्र लिहिलं. त्यातला मुद्दा असा : प्रजासत्ताक कितीही उदार असलं तरी लोकांची सेवा केल्याशिवाय ते पगार देत नाही, कारण तिथे एकाला नव्हे, सगळ्यांना संतुष्ट करावं लागतं. फुरसत हवी असेल तर ती एखादा राजाच देऊ शकतो. येईल त्या गिऱ्हाइकासमोर आपले श्रम मांडून ठेवण्याचा त्याला वीट आला होता. एका मोठ्या धन्याची चाकरी मात्र त्याला हवीशी वाटत होती.

हे वाक्य मी अनेक वर्षं वर्गात सांगत आलो आणि प्रत्येक वेळी थोडा थबकत आलो. स्वातंत्र्य म्हणजे काय? अनेक मालक नसणं की एकही मालक नसणं? गॅलिलिओने त्याचं उत्तर ठरवलं होतं : मालक अनेक नकोत, एक हवा.

आता १६०९चा ऑगस्ट. दुर्बिणीची बातमी हॉलंडहून आली होती. त्याने स्वतः जास्त चांगली दुर्बीण बनवली आणि व्हेनिसच्या सरदारांना घंटाघराच्या मनोऱ्यावर नेऊन दूरची जहाजं दाखवली. दर्यावर्दी राज्याला याची किंमत लगेच कळते. सिनेटने ठराव केला : नेमणूक तहहयात, पगार १००० फ्लोरिन. जवळजवळ दुप्पट! पण ठरावाचा मजकूर नीट वाचला तर दोन गोष्टी होत्या. वाढीव पगार चालू कराराची मुदत संपल्यावर सुरू होणार, आणि यापुढे वाढ नाही. मित्रहो, आकडा मोठ्याने सांगितला जातो आणि अट बारीक आवाजात, हे चारशे वर्षांपूर्वीही असंच होतं.

१६१०च्या जानेवारीत त्याने गुरूजवळ चार नवे "तारे" पाहिले. ते तारे नव्हते, गुरूभोवती फिरणारे चंद्र होते. त्याच्या हातात आता असं काही आलं होतं जे जगात दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. त्याने काय केलं? ग्रँड ड्यूकचा सचिव बेलिसारिओ व्हिंता याला कळवलं आणि विचारलं की या ताऱ्यांना कोसिमोचं नाव देऊ की साऱ्या मेदिची घराण्याचं? व्हिंताने सांगितलं, मेदिची. तोवर पान छापून झालं होतं, म्हणून नव्या नावाच्या चिठ्ठ्या छापून जुन्या नावावर चिकटवल्या! मार्चमध्ये पुस्तक बाहेर आलं. याला खुशामत म्हणावं का? म्हणा. पण त्या काळात ही मान्य रीत होती, आणि गॅलिलिओने आकाशातली गोष्ट नजराणा म्हणून दिली, जी राजाला बाजारात मिळाली नसती.

त्या वसंतात सगळं सुरळीत नव्हतं. एप्रिलच्या शेवटी बोलोन्यात त्याने तिथल्या विद्वानांना दुर्बिणीतून ते चंद्र दाखवायचा प्रयत्न केला आणि तो फसला. लोकांना काही नीट दिसलं नाही. तिथून निंदेची पत्रं सुटली. त्याच सुमारास सम्राटाचा गणिती योहानेस केप्लर याचं मात्र भरभरून पाठिंब्याचं पत्र आलं.

या पार्श्वभूमीवर ७ मे १६१०चं पत्र येतं, व्हिंताला लिहिलेलं. आजच्या भाषेत हाच नोकरीचा अर्ज, आणि हीच वाटाघाट. मी विद्यार्थ्यांना सांगत असे की हे पत्र नमुना म्हणून वाचा. केप्लरच्या पत्राचा उल्लेख करून त्याने शिफारस दिली. मग आपली सध्याची स्थिती सांगितली : इथे मला १००० फ्लोरिन तहहयात आहेत आणि ते पक्के आहेत, कारण देणारा धनी न मरणारा, न बदलणारा आहे. म्हणजे प्रजासत्ताक. मग अडचण सांगितली : शिकवण्यांमुळे पुस्तकं पूर्ण होत नाहीत. मग कोणती पुस्तकं, त्याची यादीच दिली. विश्वरचनेवर दोन, गतीवर तीन, यंत्रशास्त्रावर तीन, आणि आणखी बरीच. मागितलं काय? पगाराबाबत ताणलं नाही, आहे तेवढा आकडा पुरे. मुख्य मागणी फुरसतीची. आणि शेवटी एक छोटी मागणी, जी खरं तर सर्वांत मोठी होती. पदाच्या नावात "गणिती" बरोबर "तत्त्वज्ञ" हा शब्द घालावा. कारण, त्याचं म्हणणं, शुद्ध गणिताला मी जितके महिने दिले त्याहून जास्त वर्षं तत्त्वज्ञानाला दिली आहेत.

हा शब्द इतका का महत्त्वाचा? विद्यापीठात तेव्हा गणिती खालच्या पायरीवर होता. ग्रहांच्या जागा काढा, पंचांग जुळवा, किल्ल्यांचे नकाशे करा. जग खरोखर कसं आहे हे सांगायचा अधिकार तत्त्वज्ञाचा. गणिती म्हणेल, "पृथ्वी फिरते असं धरलं तर हिशोब सोपा होतो." तत्त्वज्ञ म्हणेल, "पृथ्वी फिरते." गॅलिलिओला दुसरं वाक्य उच्चारायचा हक्क हवा होता, आणि तो त्याने नेमणूकपत्रात लिहून घेतला.

१० जुलै १६१०ला नेमणूक झाली. पिसा विद्यापीठाचा प्रमुख गणिती आणि ग्रँड ड्यूकचा तत्त्वज्ञ व गणिती. पगार १००० स्कुदी. शिकवायची सक्ती नाही, पिसात राहायची सक्ती नाही. नाणं वेगळं, आकडा तोच. सप्टेंबरमध्ये तो फ्लॉरेन्सला गेला. जे मागितलं ते सगळं मिळालं! वाटाघाट म्हणून बघाल तर पैकीच्या पैकी गुण.

मग चुकलं कुठे? की चुकलंच नाही?

त्याचा व्हेनिसमधला जिवलग मित्र होता जानफ्रान्चेस्को साग्रेदो. तो या काळात सिरियात अलेप्पोला व्हेनिसचा वकील म्हणून होता. परत आला तर मित्र निघून गेलेला. १६११च्या ऑगस्टमध्ये त्याने पत्र लिहिलं. असं पत्र लिहिणारा एक तरी मित्र प्रत्येकाला असावा. त्याचा आशय सांगतो. इथे तू तुझा स्वतःचा धनी होतास, दुसऱ्यांवर हुकूम चालवणाऱ्यांवरही तुझा हुकूम चालत होता. आजचा राजा गुणी आहे, मान्य. पण दरबाराच्या समुद्रात मत्सराचे वारे कुठून सुटतील कोण सांगणार? आणि जिथे जेझुइटांचं वजन आहे अशा ठिकाणी तू असावास याची मला काळजी वाटते.

हे जेझुइटांचं काय प्रकरण? १६०६ साली पोपने व्हेनिसवर बहिष्कार टाकला होता आणि व्हेनिसने उलट जेझुइटांनाच हद्दपार केलं होतं. रोमला "नाही" म्हणण्याची हिंमत व्हेनिसने दाखवली होती. पादुआत गॅलिलिओचा सहकारी क्रेमोनिनी होता, पक्का अरिस्टॉटलवादी, गॅलिलिओच्या विचारांचा विरोधक. त्याच्यावर धर्मन्यायालयाकडे वारंवार तक्रारी गेल्या, पण व्हेनिसने त्याला हात लावू दिला नाही. आणि हाच विरोधक म्हणाला होता की गॅलिलिओने पादुआचं स्वातंत्र्य सोडायला नको होतं.

पण थांबा, नाण्याची दुसरी बाजूही बघू. नाहीतर आपण व्हेनिसची उगाच आरती करू. पादुआची गणिताची ती जागा रिकामी असताना आणखी एका माणसाचा तिच्यावर डोळा होता, जोर्दानो ब्रूनो. त्याने १५९१ साली पादुआत व्याख्यानंही दिली. जागा मिळाली नाही. १५९२च्या मे महिन्यात त्याला व्हेनिसमध्येच अटक झाली आणि पुढच्या वर्षी याच व्हेनिसने त्याला रोमच्या स्वाधीन केलं. १६०० साली त्याला जाळलं. म्हणजे व्हेनिस काही अभयारण्य नव्हतं. गॅलिलिओ तिथेच राहिला असता तर वाचला असता, असं छातीठोकपणे कोणी म्हणू नये. मी म्हणणार नाही.

पण दोन गोष्टी म्हणता येतात. पहिली, न मरणारा धनी त्याने मरणाऱ्या धन्यासाठी सोडला. आणि हे त्याला ठाऊक होतं, त्यानेच लिहिलं होतं! कोसिमो १६२१ साली गेला, वयाच्या तिसाव्या वर्षी. गादीवर दहा वर्षांचा फर्दिनांदो, कारभार आजी आणि आई यांच्या हाती. करार कागदावर तोच राहिला, पण तो ज्याच्या शब्दावर उभा होता तो माणूस उरला नाही. १६३३ साली गॅलिलिओवर रोममध्ये खटला चालला, तेव्हा तो एकोणसत्तर वर्षांचा होता. टस्कनीच्या वकिलातीत त्याची सोय केली. वकील निक्कोलिनी भला माणूस. त्याला फ्लॉरेन्सहून कळवण्यात आलं की गॅलिलिओचा खर्च पहिल्या महिन्यापुरताच दरबार देईल. निक्कोलिनीने उत्तर दिलं की पुढचा खर्च मी करीन. बघा, कराराने हात आखडला तेव्हा माणुसकीने दिलं. आणि हा निक्कोलिनी करारात कुठेच नव्हता.

दुसरी गोष्ट त्या शब्दाची. १६१५ साली कार्डिनल बेलार्मिनोने एका पत्रात लिहिलं होतं की पृथ्वी फिरते हे गृहीतक म्हणून बोललात तर धोका नाही. गणिती एवढ्यावर थांबू शकतो. पण याच्या नेमणूकपत्रावर "तत्त्वज्ञ" लिहिलं होतं, आणि ते त्याने मनापासून मागितलं होतं. तो थांबणार कसा? हा माझा अर्थ आहे, तुम्ही तो नाकारू शकता. मला वाटतं, नोकरीत आपण जे सर्वांत जिवापाड मागून घेतो, त्याचीच किंमत पुढे सर्वांत जास्त मोजावी लागते. म्हणून ते मागू नये असं मी म्हणत नाही. ते मागताना ती किंमतही आपण मागतोय, एवढं माहीत असावं.

आणि ती पुस्तकांची यादी? विश्वरचनेचं पुस्तक १६३२ साली आलं, त्याच्यावरच खटला झाला. गतीवरचं पुस्तक, ज्याच्यासाठी फुरसत मागितली होती, ते दरबारी फुरसतीच्या बावीस वर्षांत पूर्ण झालंच नाही. ते पूर्ण झालं शिक्षेनंतर, आर्चेत्रीच्या घरी नजरकैदेत, आणि छापलं १६३८ साली लायडनला. त्यातला गाभा कुठला होता? पादुआच्या दिवसांतला. त्याच शिकवण्यांच्या, कारखान्याच्या, गजबजलेल्या घरातला. म्हातारपणी, १६४० साली, त्याने एका पत्रात लिहिलं की पादुआची अठरा वर्षं माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली वर्षं होती.

आता एक छोटी जोड देतो आणि संपवतो. १६७३चा फेब्रुवारी. हायडलबर्ग विद्यापीठातून प्राध्यापक फाब्रिटिउस यांचं स्पिनोझाला पत्र आलं. राजाने तुम्हाला तत्त्वज्ञानाचं अध्यासन देऊ केलं आहे, चांगला पगार, आणि तत्त्वचिंतनाचं पूर्ण स्वातंत्र्य. फक्त प्रस्थापित धर्माला धक्का देण्यासाठी तुम्ही त्याचा गैरवापर करणार नाही असा विश्वास आहे. स्पिनोझा भिंगं घासणारा, साधं राहणारा माणूस. त्याने सहा आठवडे विचार केला आणि नम्रपणे नकार दिला. कारणं दोन. तरुणांना शिकवायला वेळ दिला तर माझं चिंतन थांबेल. आणि त्या स्वातंत्र्याची हद्द नेमकी कुठे आहे ते मला कळत नाही. त्याने पगाराकडे बघितलं नाही, त्या "फक्त"कडे बघितलं.

मी काही स्पिनोझा नाही. पंचविशीत मला एका तालुक्याच्या गावी तत्त्वज्ञानाची अधिव्याख्यात्याची जागा मिळाली. नेमणूकपत्रात पगार होता, तासिका होत्या आणि शेवटी एक ओळ होती : प्राचार्य वेळोवेळी सांगतील ती इतर कामे. मी ती ओळ वाचली आणि विचारलं नाही, कारण घरी पैशांची गरज होती आणि विचारलं तर जागा जाईल अशी भीती होती. त्या "इतर कामां"त वसतिगृह आलं, परीक्षा विभाग आला, संस्थेची निवडणूकही आली. प्रबंधाला नऊ वर्षं जास्त लागली. पण खरं सांगतो, तत्त्वज्ञान शिकायला आलेली पहिली काही मुलं मला त्या वसतिगृहातच भेटली. म्हणून मी त्या वर्षांना शिव्या देत नाही. विचारायला हवं होतं, एवढंच म्हणतो.

तर त्या दोन श्रोत्यांना उत्तर. ज्याला पगार मागायचा संकोच आहे त्याने गॅलिलिओचं मे महिन्यातलं पत्र आठवावं. आपल्याकडे काय आहे, सध्या काय मिळतं, काय हवं आणि कशासाठी, हे स्वच्छ लिहावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि जिचं मन होत नाहीये तिने कागद पुन्हा एकदा वाचावा आणि तीन प्रश्न विचारावेत. हा शब्द देणारा माणूस उद्या नसला तर शब्द कोण पाळेल? मी जे सर्वांत आवडीने मागते आहे, त्याची किंमत काय? आणि या पत्रातलं "फक्त" कुठे आहे? उत्तरं मिळाली की मग हो म्हणा किंवा नाही म्हणा, दोन्ही चालेल. साग्रेदोसारखा मित्र असेल तर त्याला मात्र सही करण्याआधी विचारा. गॅलिलिओच्या मित्राचं पत्र एक वर्ष उशिरा आलं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.